डीएचसीपीचा चार्ज : मॉडेमकडून घरच्या सर्व्हरकडे

मित्रांनो, सरकारी ऑफिसात साहेबांची बदली झाली की एक शब्द हमखास कानावर येतो, ‘चार्ज’. जुने साहेब चार्ज देतात, नवे साहेब चार्ज घेतात. एकाच टेबलावर दोन साहेब बसून सह्या करतायत असं कधी बघितलंय का? नाही ना! तसं झालं तर त्या ऑफिसचं काय होईल ते वेगळं सांगायला नको.

या लेखात आपण असाच एक चार्ज बदलणार आहोत, पण आपल्या घरात. घरातल्या प्रत्येक मोबाईलला, लॅपटॉपला, टीव्हीला आयपी अ‍ॅड्रेस वाटण्याचे काम बहुतेक घरांत मॉडेम करतो. ते काम त्याच्याकडून काढून घरच्या छोट्या सर्व्हरकडे कसं द्यायचं, आणि मुळात द्यायचं की नाही, हे पाहू. कॉम्प्युटर नेटवर्क्सच्या पुस्तकात डीएचसीपी म्हणजे पाच मार्कांची शॉर्ट नोट. पण घरी एकदा करून बघितलं की व्हायव्हाला पाठ करावं लागत नाही, एवढं नक्की.

डीएचसीपी म्हणजे काय रे भाऊ?

आपण नाशिककर, तेव्हा उदाहरण नाशिकचंच घेऊ. २०१५ च्या सिंहस्थात तपोवनात साधुग्राम उभं राहिलं. वैष्णव आखाडे आणि खालसे यांना तिथे प्लॉट दिले गेले. कायमचे नाही, फक्त कुंभापुरते. कुंभ संपला, जागा मोकळी. पुढच्या सिंहस्थाला पुन्हा नवीन वाटप. आता समजा, हे वाटप करणारं कुणी नसतं आणि प्रत्येकाने दिसेल तिथे तंबू ठोकला असता, तर? एका प्लॉटवर दोघांनी हक्क सांगितला असता आणि भांडण जुंपलं असतं.

नेटवर्कमध्येही असंच आहे. प्रत्येक उपकरणाला एक वेगळा पत्ता लागतो. तो पत्ता काही काळापुरता देणारा जो असतो, तो डीएचसीपी सर्व्हर. त्या काळाला ‘लीज’ म्हणतात. (माझ्या आजीला विचारलं तर ती म्हणाली, “अरे, साधा भाडेपट्टा की तो!” अगदी बरोबर.)

हा भाडेपट्टा चार वाक्यांत होतो. नवीन फोन वायफायला जोडला की तो ओरडून विचारतो, “आहे का कुणी पत्ता देणारं?” हे डिस्कव्हर. सर्व्हर म्हणतो, “हा घे, १०५ नंबर मोकळा आहे.” हे ऑफर. फोन म्हणतो, “ठीक, १०५ मला द्या.” ही रिक्वेस्ट. सर्व्हर म्हणतो, “दिला, २४ तासांसाठी.” हे अ‍ॅक्नॉलेज. चारही शब्दांची पहिली अक्षरं घेऊन ‘डोरा’ हा शब्द लक्षात ठेवायचा. सर्व्हर यूडीपीच्या ६७ नंबरच्या पोर्टवर ऐकतो आणि क्लायंट ६८ वर.

मुद्दा असा की पहिला प्रश्न फोन सगळ्यांना ओरडून विचारतो. त्याला सर्व्हर कोण हे माहीतच नसतं. उत्तर देणारे दोन निघाले तर जो आधी बोलेल त्याचं ऐकतो. हे वाक्य ध्यानात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

हे काम मॉडेमकडे आलं कुठून?

१९८४ साली रार्प आणि १९८५ साली बूटपी असे दोन जुने प्रोटोकॉल आले. त्यात कोणत्या मशिनला कोणता पत्ता हे आधीच टेबलमध्ये लिहून ठेवावे लागे. पत्ता देऊन परत घेण्याची सोय डीएचसीपीने आणली. त्याचा पहिला मसुदा ऑक्टोबर १९९३ चा, आणि आजही ज्याचा आधार घेतात तो आरएफसी २१३१ मार्च १९९७ चा. लिहिणारे राल्फ ड्रोम्स, अमेरिकेतल्या बकनेल युनिव्हर्सिटीचे.

आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केले. तेव्हा डायल-अप होतं. घरात एक कॉम्प्युटर, एक फोन लाईन. कॉल लागला की पत्ता मिळायचा, फोन ठेवला की गेला. घरात पत्ते वाटायची गरजच नव्हती. मग जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलने ‘डेटावन’ ब्रॉडबँड आणलं आणि टेलिफोनशेजारी एडीएसएल मॉडेम येऊन बसला. त्या डबीच्या पोटात एक छोटा डीएचसीपी सर्व्हरही होता. आता तांब्याच्या तारेऐवजी फायबर आली, आणि त्या डब्याचं खरं नाव ओएनटी आहे. पण घरात सगळे त्याला मॉडेमच म्हणतात, म्हणून मीही इथे मॉडेमच म्हणणार.

चार्ज काढून घ्यायचा कशाला?

प्रश्न रास्त आहे. नुसता प्रिंटरचा पत्ता पक्का करायचा असेल तर बहुतेक मॉडेममध्ये ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’ची सोय असते. ती वापरा आणि हा लेख इथेच सोडा, मला अजिबात राग येणार नाही! पण खालीलपैकी काही असेल तर पुढे वाचा.

एक, मॉडेम कंपनीचा असतो. उद्या कंपनी बदलली की जुना डबा परत जातो आणि त्याच्याबरोबर तुमच्या घरच्या पत्त्यांची सगळी यादीही जाते. सर्व्हर आपला असेल तर यादी आपल्याजवळ राहते.

दोन, काही मॉडेममध्ये रिझर्व्हेशनला मर्यादा असते, काहींमध्ये डीएनएस बदलताच येत नाही.

तीन, आकड्यांऐवजी नावं वापरता येतात. प्रिंटरला ‘प्रिंटर’ म्हणून हाक मारता येते.

चार, शिकायला मिळतं. कुठली डबी कधी आली, काय मागितलं, काय मिळालं, हे लॉगमध्ये ओळीने दिसतं.

पत्ता वाटणाऱ्याच्या हातात किती काही असतं

डीएचसीपी फक्त पत्ता देत नाही. बाहेर जायचा रस्ता कुठला, म्हणजे गेटवे, आणि नावावरून पत्ता कुणाला विचारायचा, म्हणजे डीएनएस, हेही तोच सांगतो. आणि फोन मुकाट्याने ऐकतो! डीएनएस चुकीच्या हातात गेला तर काय होतं हे ‘डीएनएसचेंजर’ नावाच्या मालवेअरने दाखवलं. त्याने लाखो कॉम्प्युटरना खोट्या डीएनएस सर्व्हरकडे वळवलं होतं. नोव्हेंबर २०११ मध्ये एफबीआयने ती टोळी पकडली, तरी लोकांचं नेट एकदम बंद पडू नये म्हणून त्या जागी चांगले सर्व्हर ९ जुलै २०१२ पर्यंत चालू ठेवावे लागले. आपल्याकडेही जुलै २०१७ मध्ये ‘अ‍ॅडमिन’ हा मूळ पासवर्ड न बदललेल्या मॉडेमवर मालवेअरचा हल्ला झाला, तेव्हा बीएसएनएलने ग्राहकांना पासवर्ड बदलायला सांगितलं होतं. तुमच्या मॉडेमचा बदललाय का? नसेल तर आधी ते करा, बाकी सगळं नंतर.

दुसरी गोष्ट, लीजच्या फाईलमध्ये घरातला कुठला फोन किती वाजता वायफायला जोडला गेला हे दिसतं. म्हणजे ताई रात्री किती वाजता आली हेसुद्धा! ही माहिती घरच्यांवर पाळत ठेवायला नाही. चार्ज घेणाऱ्याने हे आधी स्वतःशी ठरवावं आणि घरच्यांनाही सांगून टाकावं.

मशिन कोणतं घ्यावं?

नवीन काही विकत घ्यायची गरज नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे अनेक घरांत एखादा जुना पीसी धूळ खात पडलेला असेल. त्यावर लिनक्स मस्त चालतं. पण वीजबिलाचा हिशेब करा. ६० वॉट घेणारा डेस्कटॉप दिवसरात्र चालला तर महिन्याला सुमारे ४३ युनिट. ५ वॉटची रास्पबेरी पाय घेतली तर साडेतीन-चार युनिट. जुना लॅपटॉप असेल तर त्याची बॅटरी म्हणजे फुकटचा यूपीएस, फक्त बॅटरी फुगलेली नाही ना ते तपासा.

सॉफ्टवेअर म्हणून मी ‘डीएनएसमास्क’ सुचवेन. सायमन केली यांनी लिहिलेलं, छोटं आणि सुटसुटीत. जुन्या पुस्तकांत ‘आयएससी डीएचसीपी’ दिसेल, पण त्याची देखभाल २०२२ मध्ये थांबली. त्याच संस्थेचा नवा सर्व्हर ‘किया’, पण घरासाठी तो जरा जास्तच होतो.

आता प्रत्यक्ष चार्ज

(कमांड अर्थातच इंग्रजीत टाईप करायच्या. इथे फक्त क्रम सांगतो.)

१. मॉडेमच्या पेजवर जाऊन डीएचसीपीच्या सेटिंग्जचा फोटो काढून ठेवा. पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ असतो.

२. वहीत नकाशा काढा. उदाहरणार्थ : १ मॉडेम, २ सर्व्हर, ३ ते १९ प्रिंटर-कॅमेरा वगैरे, ५० राखीव (का ते पुढे), आणि १०० ते १९९ वाटायला मोकळे. घरासाठी शंभर पत्ते खूप झाले.

३. सर्व्हरला १९२.१६८.१.२ हा पत्ता हाताने द्या. जो स्वतः पत्ते वाटतो त्याने दुसऱ्याकडे पत्ता मागून चालत नाही. सर्व्हर वायफायवर न ठेवता केबलने मॉडेमला जोडा.

४. आदल्या दिवशी मॉडेममधली लीज २४ तासांवरून १ तासावर आणा. असं का? उपकरण अर्धी लीज संपली की ज्याने पत्ता दिला त्यालाच मुदतवाढ मागतं. उत्तर नाही मिळालं तर साडेसत्याऐंशी टक्के लीज संपल्यावर सगळ्यांना ओरडून विचारतं. म्हणजे २४ तासांची लीज असेल तर १२ तासांनी जुन्या साहेबाकडे आणि २१ तासांनी कुणाकडेही. लीज १ तासाची असेल तर हेच तीस मिनिटांत आणि साडेबावन्न मिनिटांत उरकतं. मात्र हा बदल सगळ्यांपर्यंत पोचायला प्रत्येक उपकरणाने जुन्या लीजची मुदतवाढ एकदा घ्यावी लागते, म्हणून एक दिवस आधी.

५. सर्व्हरवर डीएनएसमास्क इन्स्टॉल करा, पण चालू करू नका. सेटिंगच्या फाईलमध्ये रेंज १०० ते १९९ लिहा, लीज २४ तास. गेटवे म्हणून मॉडेमचा पत्ता १९२.१६८.१.१ मुद्दाम लिहा. ही ओळ नसेल तर डीएनएसमास्क स्वतःचाच पत्ता गेटवे म्हणून सांगतो. मग पत्ता मिळतो, वायफायही पूर्ण दिसतं, पण नेट चालत नाही आणि आपण तासभर मॉडेमला शिव्या घालत बसतो! ‘ऑथॉरिटेटिव्ह’ नावाची ओळ पण चालू करा. त्यामुळे मॉडेमने दिलेले जुने पत्ते घेऊन येणाऱ्या उपकरणांना नवा सर्व्हर गप्प न बसता लगेच उत्तर देतो.

६. आता मॉडेममधला डीएचसीपी बंद करा. मगच सर्व्हरवरचा चालू करा. मधल्या एक-दोन मिनिटांत काही बिघडत नाही, कारण हातातल्या लीज चालूच असतात. उलट क्रमाने केलंत तर एका टेबलावर दोन साहेब! आपल्या नाशिकरोडच्या छापखान्यात १९२८ पासून नोटा छापतात. आज देवास, म्हैसूर आणि सालबोनीलाही छापतात. दोन छापखान्यांनी एकच मालिका छापायला घेतली तर? इथेही तसंच. दोघांनी १०५ नंबर दोघांना दिला की दोन्ही उपकरणं एकमेकांच्या पायात पाय घालतात.

७. सर्व्हरला फायरवॉल असेल तर ६७ नंबरचा पोर्ट उघडा. एक लॅपटॉप वायफायवरून तोडून परत जोडा. विंडोजवर आयपीकॉन्फिग ऑल ही कमांड दिली की ‘डीएचसीपी सर्व्हर’ अशी ओळ दिसते. तिथे शेवटी .२ दिसला पाहिजे. अजून .१ दिसत असेल तर मॉडेमने चार्ज सोडलेला नाही!

तीन छुपे साहेब

सगळं नीट केलं तरी तीन ठिकाणी अडायला होतं.

पहिलं, वरच्या मजल्यावर रेंज यावी म्हणून लावलेला दुसरा राउटर. त्याच्या पोटातही डीएचसीपी असतो. तोही बंद आहे का बघा.

दुसरं, फोनचा बदलता मॅक अ‍ॅड्रेस. अँड्रॉइड १० (२०१९) आणि आयओएस १४ (२०२०) पासून फोन प्रत्येक वायफायला आपला खरा मॅक न सांगता बनवलेला सांगतो. बाहेरच्या वायफायसाठी ही सोय चांगलीच आहे. पण ज्या फोनला ठरावीक पत्ता द्यायचाय त्यात फक्त घरच्या वायफायसाठी ती बंद करा.

तिसरं, आयपीव्ही६. आपण जे बंद केलं ते आयपीव्ही४ चं वाटप. आयपीव्ही६ चे पत्ते आणि डीएनएस मॉडेम वेगळ्या वाटेने जाहीर करत राहू शकतो. तुम्ही सर्व्हरवर स्वतःचा डीएनएस ठेवलात आणि फोन त्याला विचारतच नाहीत असं दिसलं, तर आधी इथे शोधा.

सर्व्हर पडला तर?

इथे खरी परीक्षा आहे. मॉडेम डीएचसीपी करत होता तेव्हा तो आणि नेट एकत्र पडायचे, एकत्र उठायचे. आता मॉडेम चालू, नेट चालू, आणि तरीही घर बंद, असं होऊ शकतं. २४ तासांची लीज असेल तर सतत जोडलेल्या उपकरणांकडे सर्व्हर पडला तरी किमान १२ तास शिल्लक असतात. पण बाहेरून आलेला फोन नव्याने विचारतो आणि ‘ऑब्टेनिंग आयपी अ‍ॅड्रेस’वरच अडकतो. विंडोजचा लॅपटॉप वैतागून स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेतो. तो दिसला की समजायचं, पत्ता देणारं कुणी उत्तर देत नाहीये.

म्हणून दोन सल्ले. मॉडेम इन्व्हर्टरवर असेल तर सर्व्हरही त्याच बोर्डावर घ्या, आणि पीसी असेल तर बायॉसमध्ये ‘वीज आल्यावर आपोआप चालू’ हे सेटिंग करा. आणि डीएचसीपी व डीएनएस दोन्ही एकाच दिवशी हलवू नका. डीएचसीपी पडला तर काही तास मिळतात. डीएनएस पडला तर सगळ्यांचं नेट त्याच मिनिटाला जातं. पहिला महिनाभर फक्त डीएचसीपी चालवून बघा.

चार्ज घेणारा पुण्याला गेला तर?

आता मला जे खरं सांगायचं आहे ते. आपण आज नाशिकला घरी आहोत. उद्या प्लेसमेंट झाली की निम्मी बॅच पुण्याला, काही मुंबईला, काही बंगळुरूला. सर्व्हर मात्र घरीच राहणार. एका सोमवारी सकाळी बाबांचं ऑनलाईन काम आहे, धाकट्याची परीक्षा आहे आणि नेट नाही. आई फोन करते, तेव्हा तुम्ही कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये फोन सायलेंटवर ठेवून बसलाय. मॉडेमवाल्या कंपनीचा माणूस येऊन म्हणतो, “आमच्याकडून सगळं ओके आहे.” आणि त्याचं खरंही आहे! आपल्या हौसेची किंमत घरच्यांनी मोजायची, हे काही बरोबर नाही.

म्हणून चार्ज घेतला तसा तो परत देण्याची सोयही त्याच दिवशी करून ठेवायची. त्यासाठीच नकाशात ५० नंबर राखून ठेवला. घरातल्या एका जुन्या फोनमध्ये, फक्त घरच्या वायफायसाठी, १९२.१६८.१.५० हा पत्ता हाताने भरा. गेटवे आणि डीएनएस मॉडेमचा. हा फोन कुणाकडेच पत्ता मागत नाही, त्यामुळे सर्व्हर मेला तरी त्यावर मॉडेमचं पेज उघडतं. पेज बुकमार्क करा. मग मॉडेमवर एक कागद चिकटवा, साध्या मराठीत :

“नेट चालत नसेल तर : (१) मॉडेमवर लाल दिवा असेल तर कंपनीला फोन करावा. (२) दिवा हिरवा असेल तर पांढऱ्या डबीची पिन काढून, दहा आकडे मोजून परत लावावी. पाच मिनिटे थांबावे. (३) तरी नाही चालले तर डबीची पिन काढून ठेवावी. जुन्या फोनवर ‘मॉडेम’ उघडून डीएचसीपी ‘एनेबल’ करावे, सेव्ह करावे. सगळ्यांनी आपापले वायफाय बंद करून चालू करावे. (४) मॉडेमच्या मागचे रिसेटचे छिद्र दाबू नये.”

चौथी ओळ महत्त्वाची. रिसेट केल्यावर मॉडेममधला डीएचसीपी परत सुरू होतो खरा, पण वायफायचं नाव, पासवर्ड आणि काही ठिकाणी कंपनीचं लॉगिनही पुसलं जातं. आणि सर्व्हर चालू असेल तर पुन्हा दोन साहेब.

कागद लावून थांबू नका. रविवारी दुपारी सर्व्हर मुद्दाम बंद करा आणि आईला सांगा, “आई, तू कागद बघून नेट चालू करून दाखव, मी काही बोलणार नाही.” तिला जिथे अडेल तिथे कागदातलं वाक्य बदला. तिला जमलं की तुमचा प्रोजेक्ट पास. नाही जमलं तर तोपर्यंत डीएचसीपी मॉडेमकडेच राहू द्या. एक्स्टर्नलपेक्षा ही परीक्षा अवघड आहे, पण मार्क खरे आहेत.

तर मित्रांनो, सेमिस्टरच्या सुट्टीत करून बघा. शॉर्ट नोटमध्ये पाचपैकी पाच मिळतीलच, आणि घरी कुणी विचारलं, “नेटला काय झालं रे?” तर उत्तर तुमच्या आधी त्या कागदावर असेल. ऑल द बेस्ट!